मला देऊन दिगूने भाऊ घेतला

आमच्या वाड्यांच्या क्रिकेट लीगमध्ये माझ्याइतका गाजलेला खेळाडू दुसरा झाला नाही. माझ्यावरून तीन संघांचे मालक एकमेकांच्या अंगावर गेले होते. भांडण एवढंच होतं, की ह्याला आता कोणाच्या गळ्यात मारायचा. त्या भांडणात मधे उभा राहून घाम पुसत होता तो दिगू... आणि दिगू गेला त्याला आता महिना उलटून गेला.

बातमी आली तेव्हा मी मालवणात न्हाव्याच्या खुर्चीत होतो. एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस. शालूकाकीचा फोन आला. काकी देवबागेला होमस्टे चालवते, आणि फोनवर ती कधी हळू बोलत नाही. तिला टॉवरची गरज नाही, नुसता आवाज पोचतो, असं आम्ही म्हणतो. त्या दिवशी ती हळू बोलली. "बाबल्या... दिगू गेलो रे." मी विचारलं, "खंय गेलो?" खरंच विचारलं. माझ्या डोक्यात तो गोव्याला गेला असेल, इंजिनाचे पार्ट आणायला. पलीकडे काकी नाक ओढायला लागली. मग फेस गळ्यावरून शर्टात उतरायला लागला तेव्हा मला कळलं.

तसाच रिक्षात बसलो आणि निघालो. घरात माणसं जमलेली, मी भिंतीला टेकून रडत होतो, आणि जो येईल तो दिगूला नमस्कार करायचा आणि माझ्याकडे वळून बघायचा. मला वाटलं, बघा, आमची मैत्री सगळ्यांना ठाऊक आहे. शेवटी सुनंदावहिनी, दिगूची बायको, तिचे डोळे रडून सुजलेले, ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाबलभावजी, अर्धीच कित्या?" मी गालाला हात लावला. त्या घरात, त्या वेळेला, दोन-तीन माणसांना हसू आवरेना. दिगू असता तर सगळ्यात आधी तोच हसला असता.

पेपरच्या पुरवणीवाल्यांनी सांगितलं, दिगूवर तू लिही. मी चौथीत शाळा सोडली. म्हणजे शाळेनेच मला सोडलं, मी नुसता घरी आलो. तेव्हा मी बोलतोय आणि माझी मुलगी मोबाइलवर टाइप करतेय. काही बरं लागलं तर ते तिचं.

दिगू आणि मी एकाच वाडीतले. लहानपणी झावळीच्या दांड्याची बॅट करून आम्ही खाडीकाठी खेळायचो, तेव्हासुद्धा दोन कॅप्टन खेळाडू वाटून घ्यायचे आणि शेवटी मी उरायचो. मग दिगू म्हणायचा, "आण हय तेका." त्याचा धाकटा भाऊ नितू माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान, पण तो माझ्या आधी निवडला जायचा. पुढे दिगूने खाडीवर शेड टाकली आणि होड्यांची इंजिनं दुरुस्त करायला लागला. नितू पर्यटकांच्या धंद्यात पडला, लाइफजॅकेट, बनाना राइड, ते सगळं. दोघांचं फाटलं ते वडलांच्या होडीवरून. वडील वारल्यावर दिगूला ती मासेमारीला ठेवायची होती, नितूला तिच्यावर छप्पर घालून पर्यटक फिरवायचे होते. एकही माघार घेईना. होडी दोघांच्याही कामाला आली नाही, रेतीत उलटी पडून पडून तिच्या फळ्या सुटल्या. आणि तोपर्यंत दोघांचं बोलणंही सुटलेलं.

गणपती मात्र एकच. आमच्याकडे घरं दोन झाली तरी गणपती दोन करत नाहीत. त्या दिवसांत दोघे भाऊ एकाच खोलीत उभे. एक ताट धरणार, दुसरा आरती म्हणणार, आणि बोलणार कोणाशी? माझ्याशी. दिगू म्हणायचा, "बाबल्या, नितग्याक सांग, समई सरळ कर." नितू हाताच्या अंतरावर. मी सांगायचो, "नितू, समई सरळ कर." नितू म्हणायचा, "सांग तेका, सरळच आसा." एकदा मी कंटाळून म्हटलं, मेल्यांनो, मला महिन्याचं रिचार्ज तरी मारा. दोघेही हसले. पण एकमेकांकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. इतकी वर्षं हे असंच चाललं.

आता लीग कशी असते ते थोडं सांगतो. प्रत्येक वाडीचा संघ; आमच्या संघाचा मालक दिगू. प्रत्येक मालकाला शंभर पॉइंट, त्यात पूर्ण संघ घ्यायचा. पैसे नाहीत, नुसते पॉइंट; पण शंभरावर एक जरी गेला तर कमिटी संघच बाद करते, मग मालक कितीही मोठा असो. पुकारा करतो तातू गुरव. देवळात सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागणं मागणारा, म्हणजे गाऱ्हाणं घालणारा तोच, लग्नात माइक धरणारा तोच. ह्या वर्षी माझा नंबर आला तेव्हा दुपार झाली होती, माणसं पेंगत होती. पाच पॉइंटलाही मला कोणी घेईना. तातूला माझी दया आली म्हणा, की त्याच्या जिभेला सवय म्हणा, त्याने सरळ देवळातला सूर लावला. "बा देवा म्हाराजा!" सगळा मांडव ओरडला, "व्हय म्हाराजा!" "ह्यो बाबलो रिक्षावालो आज तुझ्या पायाकडे उभो आसा म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" "तेका ना बॅटिंग येता, ना बॉलिंग, तरी तेका कोणीतरी पदरात घेवंदे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" मला वाटलं, वा, आयुष्यात पहिल्यांदा सगळं गाव माझ्या बाजूने बोलतंय. तेवढ्यात तातू म्हणाला, "तीस पॉइंटाक घेवंदे म्हाराजा!"

आकडा ऐकला आणि मांडव गप्प झाला. गाऱ्हाण्याला हो म्हणायचं, हे आमच्या रक्तात आहे, पण पॉइंट म्हटल्यावर माणूस जागा होतो. एकटा दिगू जागा झाला नाही. तो समोरच्या खुर्च्यांकडे बघत होता. तिथे बंदरवाडीच्या माणसांत नितू बसला होता. नजर तिकडे ठेवून दिगू बोलला, "व्हय म्हाराजा." तातूने टेबलावर हात आपटला.

दिगूचे साथीदार उठून उभे राहिले. रद्द करा, सवयीने बोललाय तो. कमिटी म्हणाली, गाऱ्हाण्याच्या सुरात दिलेला शब्द मागे घ्यायचा तर देवीला विचारा, आम्ही घेणार नाही. देवीला कोण विचारणार, की बाबल्या तिसाला महाग आहे का? दिगू म्हणाला, "झाला ता झाला." आणि मी कॉलर वर करून मांडवभर फिरून आलो. त्याच दिवशी नितूही तिसालाच गेला, बंदरवाडीला. म्हणजे बाजारात नितूची किंमत तीच माझी किंमत. हे मी रिक्षातल्या प्रत्येक पॅसेंजरला सांगितलं.

दोन-चार दिवसांनी दिगूने मला शेडमध्ये बोलावलं. तो गोव्याहून डॉक्टर करून आला होता. कामाचा स्टूल ओढून बसला आणि इंजिनाबद्दल बोलावं तसा स्वतःबद्दल बोलला. "पंप पाणी कमी मारता, बाबल्या. हेड खोलूचा लागतला म्हणतत." मी म्हटलं, मग खोलू दे, आजकाल सगळ्यांचं खोलतात. तो म्हणाला, "मी इतकी हेडां खोललंय. माका म्हायत आसा, खोललेला सगळाच परत चालू होता असा नाय." ऑपरेशन लीगनंतर ठरलं होतं. आणि मग त्याने ते सांगितलं. "नितग्याक माझ्या टीमीत हाडूचो आसा."

"कित्या? तेच्यापेक्षा बरे बॅट्समन आसत."

"माझ्यावांगडा बॅटिंग करतलो. बॅटिंग करताना बोलूचाच लागता रे. 'ये' म्हणूचा लागता, 'नको' म्हणूचा लागता. नायतर दोघव आउट."

मी म्हटलं, एवढं कशाला, सरळ घरी जा आणि बोल. तो म्हणाला, "दारात उभो रवान काय बोलू? 'कसो आसस' म्हणू? इतकी वर्सां गेली, आता थंय एक शब्द पुरूचो नाय. मैदानात एक शब्द पुरता." मी गप्प बसलो. मी गप्प बसलो हे मुलगी टाइप करायला तयार नव्हती.

पण नितूला दिगूच्या संघात आणायचं कसं? बंदरवाडीचा मालक बर्फवाला विलास. त्याला नितू सोडायला हरकत नव्हती, पण बदल्यात त्याला रोहन पाहिजे होता, लीगमधला सगळ्यात जोराचा बॉलर. रोहन होता शालूकाकीच्या संघात, तोही तिसाचा. तिघांचेही शंभर भरलेले. म्हणजे रोहन विलासला, विलासचा नितू दिगूला, आणि दिगूकडून तिसाचं कोणीतरी काकीला. दिगूकडे तिसाचं कोण होतं? तुमच्यापुढे हे सगळं सांगतोय तो. बाकीचे सगळे पाच-दहाचे. नितू यायचा तर मी जायला पाहिजे होतो, आणि मी जायचा तर काकीने मला घ्यायला पाहिजे होतं... लीगमधला सगळ्यात जोराचा बॉलर देऊन. आणि वेळ होती ती फक्त सामन्यांच्या आदल्या दुपारपर्यंत. देवीला नैवेद्य दाखवला की अदलाबदल बंद, हा नियम.

त्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही काकीकडे गेलो. ती मागच्या दारी बांगडे साफ करत बसली होती. दिगूने सगळी अदलाबदल समजावून सांगितली. काकीने सुरी न थांबवता विचारलं, "तुझ्या टीमीतलो कचरो माझ्या दारात कित्या टाकतंस?" मी उभा होतो तिथेच. दिगू म्हणाला, काकी, फिल्डिंगला चालेल. काकी म्हणाली, "गेल्या वर्सा ह्येच्या पायांमदून बॉल गेलो, तेच्या पाठसून कुत्रो गेलो. ह्येका दोनव दिसाक नाय." मला वाटलं आता आपणच आपली बाजू मांडावी. मी पुढे झालो आणि म्हटलं, "काकी, तीस पॉइंटाचो प्लेअर आसंय मी. ती किंमत काय उगाच लागली?" काकीने पहिल्यांदा वर बघितलं. "मगे दिगू, इतको मोठो प्लेअर तू सोडतंस कित्याक? ठेव तुझ्याकडेच." आणि परत बांगड्याकडे वळली. जमत आलेलं असं नाही म्हणत मी, पण तुटलं ते माझ्यामुळे.

दिगू माझ्याकडे बघत नव्हता. खांबाला हात लावून उभा होता आणि त्याच्या मानेवरून घाम वाहत होता. ऊन एवढं नव्हतं. मग तो हळूच म्हणाला, "काकी, नितग्यावांगडा एकदा खेळूचा आसा माका. ऑपरेशनाच्या आधी." काकीची सुरी थांबली.

"भावाक बोलूचा आसा म्हणान ह्या सगळा?"

"होय."

"आणि ता पयला सांगूक काय दातखिळी बसली होती तुझी? ह्या येड्याक पुढे घालून इलंस!"

ती उठली, हात धुतले, पदराला पुसले. मला वाटलं विरघळली. "बरा," ती म्हणाली. "बाबलो माझ्याकडे. पण तुझो विकेटकीपर सच्यो माका व्हयो." सच्या म्हणजे दिगूच्या संघाचा जीव, दहा पॉइंटात मिळालेलं सोनं. मी म्हटलं, काकी, हे जास्त होतं. काकी म्हणाली, "तुका घेतंय तेच्यावर औषध नको?" आणि सच्या आला तर तिचे एकशे दहा झाले असते, म्हणून तिने आपला मुंबईचा भाचा दिगूच्या माथी मारला. तोही दहाचा, सुट्टीत येतो आणि बूट बघत खेळतो. म्हणजे मी आणि सच्या जाणार, नितू आणि भाचा येणार. चाळीस गेले, चाळीस आले. दिगूने क्षणभरही विचार केला नाही. चषक गेला हे त्यालाही कळलं, मलाही कळलं. "चलात," तो म्हणाला, "विलासाक हाडूया."

आता विलासला बंदरावरून देवळात आणायचं काम माझ्यावर आलं. माझी रिक्षा दिगूच सांभाळायचा, इंजिनात कधी खोट नव्हती. खोट पेट्रोलात होती. मी भरलं नव्हतं. विलासला मागे बसवून येताना चढावर गाडी बंद पडली. विलास घड्याळ बघतोय, मी हँडल धरून पुढे, तो तेवढा मोठा माणूस मागून ढकलतोय, पांढरा शर्ट पाठीला चिकटलेला. देवळाच्या पायऱ्यांशी पोचलो तेव्हा नैवेद्याचं ताट झाकून आत चाललं होतं. दिगू पायरीवर बसला होता, एक हात छातीवर. मी जवळ जाऊन विचारलं, काय रे? तो म्हणाला, "काय नाय. इलो मा विलास?" बस्स.

आमच्याकडे अदलाबदलीला सही नसते. देवीसमोर एक नारळ, त्यावर सगळ्या मालकांचे हात, आणि तातूचं गाऱ्हाणं. दिगूने हात ठेवला, काकीने ठेवला. विलास धापा टाकत होता, तो मागे सरला. म्हणाला, रोहनला सकाळी धावताना बघितलं नाही मी, घोटा बरा आहे ना? काकी कडाडली, "माझ्या टीमीत रोज धावतत. तुझ्यासारखे बर्फार बसणत नाय!" आत घंटा वाजायला लागली. पुजारी ताट घेऊन गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेला. दिगू विलासकडे नुसता बघत राहिला. आयुष्यात कोणाकडे काही न मागणारा माणूस मागायला लागला की कसा दिसतो, ते मी तेव्हा बघितलं आणि मला बघवेना. विलासने कपाळ पुसलं. "माका फक्त एक सांगा," तो म्हणाला, "ह्यो रिक्षावालो माझ्याकडे येणत नाय मा?" तिघेही एकदम म्हणाले, "नाय!" "मगे काय व्हया ता करा," म्हणत त्याने नारळावर हात ठेवला. तातूने गाऱ्हाणं घातलं. सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले, दिगूचा आवाज सगळ्यांच्या मागून आला, आणि ताट उंबऱ्याआत गेलं.

पण नारळाने संघ बदलतो, माणूस येतोच असं नाही. खेळायला न येणं हा खेळाडूचा हक्क. नितूला नवीन टी-शर्ट द्यायला मलाच पाठवलं. तो देवबागेच्या किनाऱ्यावर एका बाईला लाइफजॅकेट घालत होता, शुद्ध मराठीत, "मॅडम, बेल्ट अजून घट्ट ओढा." मी टी-शर्ट पुढे केला. त्याने रंग बघितला आणि त्याचा हात थांबला.

"कोणी मागल्यान माका?"

"दिगून."

"कोणाच्या बदल्यात?"

"माझ्या."

त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "इतकीच किंमत माझी?" भावाचा राग असेल-नसेल, पण त्या क्षणी तो माझाच आला. टी-शर्ट त्याने होडीत फेकला, इंजिन चालू केलं आणि ती बाई, तिची पोरं, लाइफजॅकेट, सगळं घेऊन गेला. येणार की नाही, काही सांगितलं नाही. दिगूने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, "येतलो म्हणालो." दिगू म्हणाला, "तू खोटा बोललंस काय कान हलवतंस." मी कान धरून बघितले.

दुसऱ्या दिवशी पहिलाच सामना दिगूच्या संघाचा, आणि समोर आम्ही, काकीचे. भात कापून झालेल्या कुणग्यात मैदान, जाळ्याच्या दोरीची बाउंड्री. वहिनी येऊन बसली होती. दिगूने तिला सांगितलं होतं की आपण नुसतं उभं राहणार. तिने ते किती खरं धरलं ते तिच्या तोंडावर दिसत होतं. नितू आला नव्हता. दिगूचा संघ पत्त्यासारखा पडत होता. भाचा बूट बघता बघता बोल्ड झाला. मग दिगू बॅट घेऊन आत आला. दुसऱ्या बाजूचाही गेला. आता येणार कोण? सगळी माणसं रस्त्याकडे बघायला लागली. काजूच्या झाडाखाली एक मोटरसायकल थांबली. नितू उतरला, तो टी-शर्ट अंगात, चुरगळलेला. कोणाकडे न बघता मैदानात आला आणि भावाच्या समोरच्या टोकाला उभा राहिला. माइकवरचा तातूसुद्धा गप्प झाला. तातू गप्प झालेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

पहिली धाव दोघांनी न बोलता काढली, नुसते एकमेकांचे पाय बघून. दुसऱ्या बॉलला दिगू अर्ध्यात आला आणि नितू जागचा हलला नव्हता. आमचा फिल्डर बॉलवर पोचला. दिगू मधोमध, ना इकडचा ना तिकडचा. वहिनी उभी राहिली. आणि नितू ओरडला, "दादा, नको! मागे जा!"

दिगू वळला, बॅट टेकवली, वाचला. पण पुढचा बॉल तो लगेच खेळेना. बॅटीवर वाकून उभा राहिला. दम खातोय असं सगळ्यांना वाटलं. मी जवळ होतो. काकीने मला मुद्दाम जवळ उभा केला होता, लांब उभा केला तर बॉल समुद्रात जातो म्हणून. मला त्याचं तोंड दिसत होतं... दम नव्हता खात तो, डोळे पुसत होता. मग त्यानेच पुढच्या बॉलला हाक मारली, "येतंस?" आणि नितू, "ये ये ये!" मग सुरूच झालं. ये. नको. रव. दोन आसत, दोन! एवढेच शब्द, पण मोठ्याने, सगळ्या कुणग्यात ऐकू जातील असे. ओव्हर संपली तेव्हा नितू चालत मधे आला. दिगू आला. मी कान टवकारले.

"गोळी घेतलंस?" नितूने विचारलं. वहिनीने त्याला फोन केला होता, हे मला नंतर कळलं.

"घेतलंय."

"खरा सांग."

"घेतलंय म्हणतंय मा!"

"मगे एक एकच घेवया. दोनाक धाव नको."

आणि पुढच्याच बॉलला दिगूने माझ्या बाजूला टोलवला आणि "ये!" म्हणून निघाला. बॉल माझ्याकडे आला. नेहमीप्रमाणे तो पायांमधून जायला पाहिजे होता. मी खाली वाकलो आणि तो माझ्या हातात होता. मी फेकला. कुठे फेकतोय ते न बघता फेकला, देवीची शपथ. एकच स्टंप दिसत होता तिथून, तो उडाला. दिगू दोन पावलं बाहेर.

काकीच्या संघाने मला खांद्यावर घेतला. वरून मला दिगू दिसला, घामाने निथळलेला, हसत बाहेर चाललेला. खालून म्हणाला, "इतकी वर्सां माझ्या टीमीत होतंस, तेवा खंय होतो रे ह्यो थ्रो?"

सामना ते हरले. खेळ संपल्यावर दोघे भाऊ काजूखाली एकमेकांच्या बाजूला उभे राहिले, जरा वेळ, आणि दोघांनाही काही सुचेना. मैदानाबाहेर आले आणि परत आपापल्या गप्पपणात गेले. नितूने दिगूची बॅट उचलून वहिनीच्या हातात दिली आणि गाडी चालू केली. पण दिगू आनंदात होता. रिक्षातून घरी सोडताना म्हणाला, "पुढच्या आयतवारी आसा मा दुसरी मॅच. सावकाश बोलतलंव." तो आयतवार आला नाही. आठवड्याच्या मधेच, सकाळी, शेडसमोर एका होडीच्या इंजिनाला हात लावता लावता तो बसला. कोणी म्हणतात खेळला म्हणून झालं. डॉक्टर म्हणाला, खुर्चीत बसून असता तरी झालं असतं. वहिनी दोन्ही ऐकते आणि चहा टाकायला आत जाते.

परवा संध्याकाळी मी शेडवरून चाललो होतो, दार उघडं दिसलं. आत नितू. त्याला इंजिनातलं काही कळत नाही, धंदा त्याचा वेगळा. दिगूची एक सवय होती. दिवस मावळताना सगळे पाने रॉकेलात धुवायचा, पुसायचा आणि गोणपाटावर लहान-मोठे लावून ठेवायचा. त्या पान्यांना आता महिनाभर कोणी हात लावलेला नाही, काम नाही, तेल नाही, मळ नाही. तरी नितू खाली बसून एकेक पाना रॉकेलात बुडवत होता आणि फडक्याने पुसत होता. मी बाजूला उकिडवा बसलो. मला गप्प बसणं जमत नाही, म्हणून मी म्हटलं, "एक गजाल मानूक व्हयी, नितू. मी तिसाचो झालंय म्हणान दिगूक तुका घेवक जमला. मी नसतंय तर तुमी दोघव बोललासच नसतास."

नितूने हातातला पाना पुसून गोणपाटावर ठेवला, दुसरा उचलला.

"तुझो थ्रो नेहमीसारखो चुकलो असतो," तो म्हणाला, "तर आमका बोलूक अजून दोन ओव्हर गावली असती."